एक्केचाळीसावं रेकॉर्डिंग

मी सूड घेणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला मोठ्या मनाची वगैरे म्हणायला नको. ऑफिसात सगळे मला शांत समजतात. गुडगावच्या ज्या कंपनीत मी आहे, तिथं बंद पडलेली मशीनं चालू करणं हेच माझं काम, आणि मशीनवर चिडून काही होत नाही. माणसांचं तसं नाही. माणसांवर मी चिडते आणि चिडल्याचं लक्षात ठेवते.

त्या रविवारी सकाळी साधनाताईंचा फोन आला तेव्हा मी पोहे परतत होते. साधनाताई म्हणजे दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सहसचिव. गेल्या पंधरा महिन्यांत त्यांना माझी एकदाही आठवण झाली नव्हती.

"क्रांती, बिझी आहेस का गं? एक छोटंसं काम होतं, यार."

"बोला."

"मंडळाचा कम्प्युटर जळला. परवा लाइट गेली ती आली तेव्हा एकदम व्होल्टेज वाढलं, मदरबोर्डच उडाला. मग देवस्थळींनी नवीन घेतला आणि जुन्याची हार्ड डिस्क काढून त्यात बसवून घेतली. सगळं जसंच्या तसं राहील म्हणून. पण तो चालूच होत नाहीये गं. आधी म्हणत होता, डिस्कच नाही. मग मार्केटमधल्या दुकानदारानं काहीतरी खटपट केली, तर निळा स्क्रीन आला. अठ्ठेचाळीस आकड्यांची की मागतोय. दुकानदार म्हणतो, छोड़िए मॅडम, फॉरमॅट मार देते हैं."

मी गॅस बंद केला. "मारला?"

"नाही नाही. उद्या सकाळी येणार आहे तो. देवस्थळी म्हणाले, त्याच्या आधी एकदा क्रांतीला विचारा. तूच सेट केलं होतंस ना सगळं."

"देवस्थळी म्हणाले? माझं नाव घेऊन?"

"अगं, तुला माहितीये ना त्यांचा स्वभाव. पुढच्या गुरुवारी एक मे आहे. तुम्ही लोकांनी केलेली ती रेकॉर्डिंग्ज हॉलमध्ये ऐकवायची आहेत, पाहुणे येणार आहेत, आमंत्रणं गेलीयेत. सगळं त्या डिस्कवरच आहे. दुसरीकडे कुठंच नाही."

दुसरीकडे कुठंच नाही, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. अर्ध्या तासात कळवते, असं म्हणून मी फोन ठेवला आणि कपाटावरची प्लास्टिकची पिशवी खाली काढली. त्या पिशवीकडे जाण्याआधी मागचं सांगायला हवं.

चार वर्षांपूर्वी मंडळानं ठरवलं, की दिल्लीत आयुष्य काढलेल्या मराठी म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आणि त्यांचं पुस्तक काढायचं. ठरवलं मंडळानं, केलं मी. दोन वर्षं माझे शनिवार-रविवार त्यात गेले. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात नोकरीला आलेले स्वयंपाकी, रेल्वेतले गार्ड, शाळेतल्या बाई, एक निवृत्त नर्स, अशी ब्याण्णव माणसं. त्यातली तीसेक आज हयात नाहीत. माणसं घरातलं सगळं बोलत होती, सुनांबद्दल, भावांबद्दल, म्हणून मी त्या कम्प्युटरची डिस्क कुलूपबंद केली. म्हणजे ती डिस्क काढून कुणी दुसऱ्या मशीनमध्ये लावली तर ती अठ्ठेचाळीस आकडे मागणार आणि ते मिळाल्याशिवाय उघडणार नाही. ते आकडे मी एका कागदावर छापून घेतले. मंडळाचे सचिव प्रसन्न देवस्थळी तेव्हा शेजारीच बसले होते. "हा कागद जपून ठेवा," मी म्हटलं. "तुझ्या फोल्डरमध्ये असू दे," ते म्हणाले. "तूच बघतेस ना हे सगळं."

आणखी एक अट त्यांची होती. रेकॉर्डिंगची कॉपी कुणीही घरी न्यायची नाही. तसा कागद त्यांनी आम्हा सगळ्यांकडून सही करून घेतला होता. रेकॉर्डिंग माझ्याच फोनवर व्हायचं, म्हणजे ती अट पाळायची ती मीच. आणि मी मूर्ख. मी प्रत्येक फाइल मंडळाच्या कम्प्युटरवर टाकली की फोनमधून पुसायची.

एक्केचाळीसावं रेकॉर्डिंग माझ्या बाबांचं आहे. भाऊराव गजभिये. चौऱ्याहत्तर साली, चोवीस वर्षांचे असताना, सरकारी नोकरी लागून भंडाऱ्याहून दिल्लीत आले, बरोबर नवी नवरी, माझी आई गंगुबाई. सरोजिनी नगरचं क्वार्टर मिळायला पुढं तीन वर्षं लागली. त्याआधी करोलबागेत एका मराठी घरमालकाची वरची खोली त्यांना मिळाली. परक्या गावात मराठी बोलणारा माणूस भेटला म्हणून दोघंही हरखून गेली होती, आणि मालकानंही फक्त मराठी ऐकलं आणि किल्ली दिली. खोली किती दिवस टिकली आणि कशी गेली, ते बाबांनी रेकॉर्डिंगमध्ये नीट, शांतपणे सांगितलं होतं. मालकाचं नावही सांगितलं होतं. विनायकराव देवस्थळी. प्रसन्न देवस्थळींचे वडील, मंडळाचे संस्थापक. त्यांचा हार घातलेला फोटो मंडळाच्या ऑफिसात कम्प्युटरच्या बरोबर वर आहे.

मागच्या वर्षी जानेवारीत पुस्तक आलं. बाबांच्या पानावर छापलं होतं: "दिल्लीत आम्हाला पहिला आसरा दिला तो करोलबागेच्या विनायकराव देवस्थळींनी. त्यांनी आम्हाला घरच्यासारखं वागवलं. ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

गाळलं असतं तर एक वेळ मी गप्प बसले असते. आपल्या वडिलांची अब्रू कुणाला नको असते! पण त्यांनी गाळलं नाही. त्यांनी माझ्या बाबांना हात जोडायला लावले.

प्रकाशनाच्या दिवशी मी हॉलमध्येच देवस्थळींना गाठलं. बाबा माझ्या शेजारी पुस्तक उघडं धरून उभे होते. देवस्थळी घाबरले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दहा माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काका, तुम्हीच सांगितलंत की हे. वय झालं की माणूस गोंधळतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही." दहा माणसं समजूतदारपणे हसली. बाबाही हसले.

दुसऱ्या दिवशी मला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं. पुस्तकात माझं नाव नव्हतंच. आठवडाभरानं सोसायटीच्या गार्डनं एक प्लास्टिकची पिशवी आणून दिली. माझं फोल्डर, माझी पेनं, माझा चहाचा मग. वर चिठ्ठी, "आपले सामान." देवस्थळींनी माझी एकूण एक वस्तू वेचून परत पाठवली होती. फोल्डरमध्ये काय आहे हे त्यांनी उघडून पाहिलं नाही.

पण माझा राग नावाचा नव्हता, ग्रुपचाही नव्हता. राग पुढं जे झालं त्याचा होता.

पुस्तक आलं त्या रात्री बाबांनी मला विचारलं, "क्रांती, मी असं म्हणालो होतो का गं?"

"नाही, बाबा. मी समोर होते. तुम्ही जे झालं तेच सांगितलंत."

त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "तू माझं मन राखायला म्हणतेस."

त्या दिवसापासून माझ्या बाबांचा स्वतःवरचा विश्वास उडाला. त्यांनी चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. गॅस बंद केला. गोळी घेतली. दूधवाल्याला उद्या नको सांगितलं. शर्टाच्या खिशात त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल म्हणाले, तर बाबा मला बाहेर येऊन म्हणतात, "तू आधीच फोन करून सांगितलंस ना त्यांना?" दर रविवारी ते बुद्धविहारात जायचे, मुलांना जुन्या गोष्टी सांगायचे. ते बंद केलं. "चुकीचं काही सांगितलं तर?" गेलेल्या आईबद्दल बोलणंही बंद केलं. इतक्या वर्षांचा संसार, पण आता तोही त्यांना स्वतःचा वाटेना. मी किती वेळा शपथ घेऊन सांगितलं! त्यांना माझ्या शपथा नको होत्या. त्यांना स्वतःचा आवाज हवा होता आणि तो देवस्थळींच्या डिस्कवर होता.

मी मागितला होता की. तीन मेल केले. एकाचं उत्तर आलं: "कमिटीच्या नियमानुसार कॉपी देता येणार नाही."

तर ती पिशवी. मी फोल्डर उघडलं. मुलाखतींच्या टिपणांमध्ये तो कागद होता, घडीसुद्धा न पडलेला. आठ गट, गटात सहा आकडे. जगात त्याची दुसरी प्रत नव्हती. मी तो घेऊन स्वयंपाकघरात आले, गॅस पेटवला आणि खरं सांगते, दोन मिनिटं तशीच उभी राहिले. कागद ज्योतीवर धरायचा, साधनाताईंना सांगायचं, सापडला नाही हो, फॉरमॅट मारा. एक मेला पाहुण्यांसमोर देवस्थळींची काय शोभा झाली असती! इतकं सोपं काम होतं.

पण तसं केलं तर बाबांचा आवाजही गेला. माझ्या हातात देवस्थळींची मान होती आणि तिच्याच खाली बाबांची. मी गॅस बंद केला. मग माझ्या डोक्यात दुसरा विचार आला आणि तो आल्यावर मला पोहे फार चविष्ट लागले.

मी साधनाताईंना फोन लावला. "येते मी. बारा वाजता. पण देवस्थळी स्वतः तिथं हवेत."

"बिल्कुल! ते आहेतच. आज हॉलमध्ये लेझीमची प्रॅक्टिस आहे ना, सगळेच आहेत."

"आणि एक मेचे स्पीकर आले असतील तर कम्प्युटरला जोडून ठेवा. सुरू झाला की आवाजाचं टेस्टिंगही करून देते."

"तू ग्रेट आहेस, क्रांती. मी म्हणतच होते, तू मनात काही ठेवणार नाहीस."

मी बाबांना म्हटलं, "चला, मंडळात जाऊन येऊ. कम्प्युटर बघायचाय." त्यांना जायचं नव्हतं. नाही म्हणायचा उत्साहही नव्हता. त्यांनी चिठ्ठी लिहिली, क्रांतीबरोबर मंडळात, दाराची चावी घेतली, आणि ती खिशात टाकली.

मंडळाचं ऑफिस म्हणजे कम्युनिटी सेंटरच्या तळघरातली एक खोली. तिचं दार थेट हॉलमध्ये उघडतं. हॉलमध्ये तीस-पस्तीस जण लेझीम खेळत होते, त्यांच्यातल्या निम्म्या मुलांना मराठीत एक-दोन-तीन म्हणता येत नव्हतं, ती हिंदीत पावलं मोजत होती. दोन मोठे काळे स्पीकर हॉलच्या कोपऱ्यांत उभे होते आणि त्यांच्या वायरी ऑफिसात आल्या होत्या. साधनाताईंनी सांगितलेलं चोख केलं होतं.

"ये, क्रांती, ये!" देवस्थळी उठून उभे राहिले. "झालं गेलं सोडून द्यायचं. आपण शेवटी एकच फॅमिली." मग बाबांकडे वळून, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं, "काका! ओळखलंत का मला? प्रसन्न! प्रसन्न!"

"ओळखलं," बाबा म्हणाले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.

मला आधी कम्प्युटर बघायचा होता. पडद्यावर पुन्हा तेच, बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

"निळा स्क्रीन येत होता ना?" मी विचारलं.

"ते सकाळी मी जरा सेटिंग बघितलं," देवस्थळी म्हणाले. "म्हटलं, बायपास होतं का."

कशालाही हात लावायचा आणि मग वय दुसऱ्याचं झालं म्हणायचं. मी मशीन बंद केलं, झाकण उघडलं. डिस्कची वायर घट्ट होती, वीज मिळत होती. पुन्हा चालू करून सेटिंगमध्ये गेले. डिस्क तिथं व्यवस्थित दिसत होती. फक्त सुरू होण्याची पद्धत देवस्थळींनी जुन्या मशीनांची करून ठेवली होती आणि ही डिस्क नव्या पद्धतीनं तयार केलेली, त्यामुळे मशीन तिच्याकडे बघूनही तिला ओळखत नव्हतं. मी पद्धत बदलली, सेव्ह केलं. निळा स्क्रीन आला. खाली डिस्कची ओळखखूण लिहिलेली होती. मी पर्समधून कागद काढला. तीच खूण कागदावर होती.

देवस्थळींनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, आहे की! कुठं होता हा?"

"तुम्हीच पाठवलात," मी म्हटलं. "आपले सामान."

साधनाताई एकदम चहाचे कप गोळा करायला लागल्या.

"दे इकडे," देवस्थळींनी हात पुढं केला.

"कागद माझ्याकडेच राहील. मी वाचते, तुम्ही टाइप करा."

"अगं, तूच टाक ना. मला चष्मा लागतो."

"लावा की मग."

त्यांनी साधनाताईंकडे पाहिलं, साधनाताईंनी कपांकडे. ते खुर्चीत बसले, चष्मा लावला. मी त्यांच्या मागं उभी राहून वाचायला सुरुवात केली. "दोन, सहा, चार. एक, आठ, सात." सावकाश. आमच्या शाळेत बाई शुद्धलेखन सांगायच्या तितकं सावकाश. माणूस एका बोटानं टाइप करताना मागून फार लहान दिसतो. चौथ्या गटाला त्यांनी नऊच्या जागी शून्य मारला आणि मशीननं लगेच चूक दाखवली.

"वय झालं की होतं असं," मी म्हटलं. "लाजण्यासारखं काही नाही."

त्यांची मान ताठ झाली. पण ते उठले नाहीत. आमंत्रणं गेली होती ना. त्यांनी आकडे पुसून पुन्हा टाकले. आठवा गट संपला, त्यांनी बटण दाबलं, पडद्यावरचे ठिपके गोल फिरले, नव्या मशीननं जुन्या डिस्कशी ओळख करून घ्यायला चार-पाच मिनिटं घेतली. मग पासवर्ड मागितला, तो साधनाताईंना पाठ होता. आणि मंडळाचा कम्प्युटर उघडला. तोच गणपतीचा फोटो, तीच मी केलेली फोल्डरं. साधनाताईंनी टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास!" देवस्थळी उठत म्हणाले. "आता चहा घे."

"आधी कॉपी," मी म्हटलं आणि माझी छोटी डिस्क मशीनला लावली.

"कॉपी? कॉपीला कमिटीची परवानगी..."

"कमिटीकडे दुसरी कॉपी असती तर आज मला बोलवावं लागलं नसतं."

मी सर्वात आधी एक्केचाळीस नंबरची फाइल माझ्या डिस्कवर घेतली आणि ती पूर्ण आली आहे हे दोनदा तपासलं. मग बाकीची सगळी लावून दिली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली.

"आता आवाजाचं टेस्टिंग," मी म्हटलं. हॉलचे स्पीकर अजून बंद होते. टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर मी फाइल लावली आणि बाबांकडे वळले. "बाबा, ऐका."

आधी माझा आवाज आला. नाव, गाव, तारीख. मग बाबांचा.

"दिल्लीतली पहिली खोली करोलबागेत. मालक आपल्याकडचे, मराठी. विनायकराव देवस्थळी."

देवस्थळींनी माउसकडे हात नेला. मी माझा हात आधीच तिथं ठेवला होता.

"क्रांती, हे आत्ता कशाला? बाहेर लोक आहेत."

"टेस्टिंग आहे," मी म्हटलं.

"तिसऱ्या दिवशी मी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला," रेकॉर्डिंगमधले बाबा सांगत होते. "खिळा ठोकल्याचा आवाज ऐकून विनायकराव वर आले. फोटोकडे पाहिलं. एक शब्द बोलले नाहीत, खाली गेले. संध्याकाळी निरोप आला, पुण्याहून भाऊ येतोय, खोली लागेल, आत्ताच्या आत्ता."

खुर्चीतले बाबा पुढं झुकले होते. त्यांचे ओठ हलत होते. आधी मला वाटलं, ते पुटपुटताहेत. मग ऐकू आलं. रेकॉर्डिंगच्या एक वाक्य आधी ते पुढचं वाक्य म्हणत होते.

"गंगूनं स्टोव्हवर भात टाकला होता," खुर्चीतले बाबा म्हणाले.

"गंगूनं स्टोव्हवर भात टाकला होता," स्पीकर म्हणाला. "तिनं अर्धाकच्चा भात पातेल्यासकट फडक्यात बांधला. मी ट्रंक घेतली. आम्ही जिना उतरत होतो..."

"आणि वर बादलीचा आवाज आला," बाबा म्हणाले.

"...आणि वर बादलीचा आवाज आला. पाणी ओतल्याचा. खोली धुऊन काढत होते. आम्ही अजून जिन्यातच होतो."

देवस्थळी भिंतीकडे तोंड करून उभे होते. पण त्या भिंतीवर हार घातलेला फोटो होता, म्हणून त्यांना तिथंही बघता येईना. साधनाताईंच्या हातातले कप तसेच राहिले होते. हॉलमधून लेझीमचा आवाज येत होता.

बाबांनी डोळे मिटले. पुढचं वाक्य आईचं होतं. ते त्यांनी आईसारखं म्हटलं, तिच्यासारखंच थोडं भाबडेपणानं, आणि त्यांच्यामागून एक क्षण उशिरा स्पीकरनंही म्हटलं.

"गंगू म्हणाली, अहो, मी तर सकाळीच पुसली होती."

मी फाइल थांबवली. मला रडू येत होतं आणि मला रडायचं नव्हतं. रडून मी देवस्थळींना काही देणार नव्हते.

बाबा उठले. त्यांनी शर्टाच्या खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, गॅसची, गोळीची, दुधाची, आजची चावीची, आणि तो टेबलावर देवस्थळींच्या समोर ठेवला.

"हे तुमचं सामान," ते म्हणाले.

"काका, माझा उद्देश तसा नव्हता. माझे वडील हयात नाहीत, त्यांच्याबद्दल... माणसानं जुनं किती उगाळायचं?" देवस्थळींचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "हवं तर दुसऱ्या आवृत्तीत आपण ते पान काढून टाकू. पूर्ण काढू. कुणाला काही कळणार नाही."

बाबा आयुष्यात भांडले असतील तर माझ्याशीच, तेही हळू आवाजात. ऑफिसात पस्तीस वर्षं त्यांनी कुणाला वर मान करून उत्तर दिलं नाही, घरात आवाज चढवला नाही. मला वाटलं, आता ते म्हणणार, चल क्रांती, घरी जाऊ. मी त्यासाठी मनाची तयारी करत होते. माझ्या डिस्कवर फाइल आली होती. माझा अर्धा सूड झाला होता, उरलेला अर्धा मी त्यांच्यासाठी सोडून दिला असता.

"तुमचं वय किती?" बाबांनी विचारलं.

"अं? छप्पन्न."

"मग तुम्हाला ही गोष्ट माहीत असणारच. तुम्ही तेव्हा पाच-सहा वर्षांचे होतात. जिन्यात खाली उभे होतात, हातात चेंडू होता. गंगूनं जाताना तुमच्या डोक्यावरून हात फिरवला होता. ते मी रेकॉर्डिंगमध्ये सांगितलं नाही. म्हटलं, लहान पोर होतं, त्याचा काय दोष."

देवस्थळी विसरले नव्हते. माणूस विसरला असेल तर आठवायचा प्रयत्न करतो. यांनी केला नाही.

बाबा ऑफिसच्या दारापर्यंत गेले आणि त्यांनी ते सताड उघडलं. समोर हॉल होता, तीस-पस्तीस माणसं, त्यांची मुलं, आणि पुस्तक प्रकाशनाच्या दिवशी समजूतदारपणे हसलेली ती दहाही त्यांत असतील.

"बेटा," ते मागं वळून मला म्हणाले, "ते मोठे स्पीकर लागतात का बघ."

"लागतात, बाबा."

"मग पहिल्यापासून लाव. आणि आवाज वाढव."

देवस्थळी "क्रांती, प्लीज" म्हणाले. मी हॉलचे स्पीकर चालू केले, आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि फाइल पहिल्यापासून लावली. हॉलमधली लेझीम एकेक करून थांबत गेली.